खल हलका ठेव

उद्या पहाटेच्या एसटीनं तू निघणार. निलंग्याहून लातूर, तिथून संभाजीनगर, आणि परवा सकाळी वाळूजच्या कारखान्यात क्यूसीच्या दारात उभी. तुझ्या आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवलीय. मामाकडं बांधून द्यायला तसलं काही नाही. चाळीस वर्षं औषधांच्या लॅबमध्ये उभं राहून जे हाताला लागलं, तेवढं ऐक. इथल्या महाराष्ट्र कॉलेज ऑफ फार्मसीत तुला पुस्तकातलं सगळं नीट शिकवलंय, ते मी परत सांगत बसत नाही.

तू म्हणालीस, तुला सॉलिड स्टेटच्या टेबलावर घेतलंय. म्हणजे गोळीत औषध किती आहे हे नाही, त्यातलं क्रिस्टलच्या रूपात किती आहे आणि कुठल्या क्रिस्टलच्या, हे मोजायचं. औषध किती ते मोजणारे एचपीएलसीवाले तुला हसतील. त्यांचा ॲसे ९९.८ आला की ते चहाला मोकळे. पण एचपीएलसीत घालण्याआधी औषध विरघळवावं लागतं, आणि विरघळलं की क्रिस्टलची गोष्टच संपली. चहात पडलेली साखर आधी खडीसाखर होती की पिठीसाखर, हे कपात बघून कुणी सांगावं? ते सांगायचं तर साखर कोरडी असतानाच बघावी लागते.

आपल्याकडं हे समजायला अवघड नाही. अंबुलग्याच्या साखर कारखान्यावर पॅनजवळ उभा असलेला माणूस जन्मभर हेच करतो. रस आटवत आणायचा, नेमक्या वेळी बारीक साखरेचं बी सोडायचं आणि त्या बियाभोवती दाणा वाढवायचा. बी चुकलं, वेळ चुकली, की दाणा बारीक पडतो आणि मळीतून सुटत नाही. आता याच साखरेचं दुसरं रूप आठव. नीळकंठेश्वराच्या यात्रेत तू हट्टानं घ्यायचीस ते म्हातारीचे केस. तीही साखरच. पण वितळून क्षणात थंड झालेली, रेणूंना रांगेत उभं राहायला वेळच न मिळालेली. तिला आपण अमॉर्फस म्हणतो. तोंडात ठेवली की लगेच विरते, आणि पावसाळी हवेत काडीवरच चिकट होऊन शेवटी रवाळ होते. अमॉर्फस औषधाचं हेच सुख आणि हेच दुःख. लवकर विरघळतं म्हणून कंपनी मुद्दाम तसं बनवते, आणि पुढं दोन वर्षं बाटलीत ते गुपचूप क्रिस्टल होऊ पाहतं. तुझं काम त्या गुपचूपवर नजर ठेवायचं.

यानं माणसाचं काय बिघडतं, ते एका गोळीवरून बघ. फिटच्या आजारावरची कार्बामाझेपिन प्रत्येक गावातल्या मेडिकलमध्ये मिळते. दमट हवेत ती पाणी धरते आणि तिचा डायहायड्रेट होतो. गोळी दगडासारखी घट्ट होते, विरघळत नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या एफडीएनं सांगितलं होतं की ओलाव्यात ठेवलेल्या या गोळ्यांचा तृतीयांश परिणाम जाऊ शकतो. ॲसे करून बघ, औषध पुरेपूर भरेल. पेशंटला मात्र फिट येते.

एड्सवरच्या रिटोनाविरचं माहीतच असेल तुला. १९९६ साली कॅप्सूल बाजारात आली आणि १९९८ मध्ये अचानक लॉटमागून लॉट डिसोल्यूशनला, म्हणजे विरघळण्याच्या चाचणीला, नापास व्हायला लागले. तोवर कुणी न पाहिलेला दुसराच क्रिस्टल उगवला होता, जास्त स्थिर आणि फारच कमी विरघळणारा. कॅप्सूल मागं घ्यावी लागली. त्यातला एक बारकावा माझ्या डोक्यात पक्का बसला. नवा क्रिस्टल हाताळलेली माणसं दुसऱ्या देशातल्या कारखान्यात पाहणीला जाऊन आली, आणि थोड्याच दिवसांत तिथंही तोच क्रिस्टल निघाला. कपड्यांना चिकटलेलं बी पुरलं असणार. म्हणून स्पॅच्युला, खल, चाळणी, ॲप्रनची बाही, सगळं बी पेरणारं आहे असं धरून चाल. प्युअर स्टँडर्ड हाताळलेल्या खलात सॅम्पल घोटायचं नाही. दोन खल ठेव, मागून घे, भांडून घे.

आता खलाचीच गोष्ट सांगतो. माझी फजिती आहे, पण आता लपवून काय करायचं.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईच्या एका कारखान्यात नुकताच लागलो होतो. तिथं लहान मुलांसाठी क्लोरॅम्फेनिकॉल पाल्मिटेटचं सस्पेन्शन बनायचं. क्लोरॅम्फेनिकॉल जहर कडू. पाल्मिटेट केलं की चव जाते, आणि पोटातली एन्झाइमं ते फोडून मूळ औषध मोकळं करतात. पण या पाल्मिटेटचे दोन भाऊ इथं महत्त्वाचे, ए आणि बी. बी फुटतो आणि रक्तात औषध चढतं. ए हा जास्त स्थिर, म्हणून आळशी. तो नीट फुटत नाही आणि लेकराच्या अंगी लागत नाही. टायफॉइडचं पोर आणि बाटलीत सगळा ए, म्हणजे रंगीत पाणीच पाजल्यासारखं. म्हणून फार्माकोपियानं मर्यादा घातली होती, ए १० टक्क्यांच्या वर नको. बाटलीतला गाळ सेंट्रिफ्यूज करायचा, पाण्यानं धुवायचा, व्हॅक्युमखाली वाळवायचा, लिक्विड पॅराफिनमध्ये खलून मल, म्हणजे लेप, बनवायचा आणि इन्फ्रारेडवर ए-च्या पट्ट्या मोजायच्या.

मी नवा, उत्साही. मल जितका बारीक तितका स्पेक्ट्रम देखणा, हे कुठंतरी वाचलेलं. हातानं घोटायचा कंटाळा, म्हणून वाळवलेली पावडर लॅबमधल्या छोट्या बॉलमिलमध्ये टाकली, बटण दाबलं आणि जेवायला गेलो. त्या दिवशी गेट मीटिंग लांबली. परत येईस्तोवर मिल दोन तासांच्या वर फिरत होती. स्पेक्ट्रम असा सुंदर आला की विचारू नकोस. आणि ए निघाला मर्यादेच्या बराच वर. मी छाती काढून रिजेक्टचा कागद घेऊन साहेबांपुढं उभा. मला वाटलं, आज कारखाना वाचवला.

साहेबांनी आकडा पाहिलाच नाही. एकच विचारलं, “किती वेळ घोटलं?”

मग त्यांनी त्याच बाटलीतल्या गाळाचे चार भाग करायला लावले. एक हातानं, हलका, पॅराफिन आधीच घालून. दुसरा मिलमध्ये अर्धा तास, तिसरा एक तास, चौथा दोन तास. चार स्पेक्ट्रम एकावर एक ठेवले. ए-ची पट्टी पायऱ्या चढल्यासारखी वर गेलेली. हातानं खललेला भाग मर्यादेच्या आत होता. बाटलीत नव्हता तेवढा ए मी स्वतः मिलमध्ये बनवला होता. दळण्याच्या माऱ्यानं बी-चा ए होतो, आणि थोडा ए आधीच असला तर तो बियाचं काम करतो, आणखी लवकर होतो. पुढं जपानी लोकांनी यावर नीट प्रयोग करून छापले, ते १९८५ साली. साहेबांना ते अनुभवानं ठाऊक होतं.

तेव्हापासून कुठलाही आकडा माझ्यापुढं आला की मी मशिनकडं बघत नाही, खलाकडं बघतो. मशीन बिचारं तू जे दाखवशील तेवढंच सांगतं. इंडोमेथॅसिन गार करून घोटलं तर क्रिस्टल मोडून अमॉर्फस होतं, म्हणजे चूक उलट्या बाजूनंही होते. क्लोरप्रोपामाइड तर नुसत्या दाबानं रूप बदलतं, तेव्हा इन्फ्रारेडसाठी केबीआरची चकती दाबताना हाच विचार कर. गोळी फोडायची तर ब्लेडनं कोटिंग खरवड, मधला गाभा काढ, अकीकाच्या खलात दाबून चुरड, गोल गोल रगडू नकोस. चाळणीतून जेवढं जाईल तेवढं आधी घे. उरलेलं टाकून द्यायचा मोह होतो. पण तेही परत घोटून घालावं लागतं, नाहीतर कठीण क्रिस्टल चाळणीवर राहतात आणि मऊ भुकटी खाली जाते. मात्र हलक्या हातानं, आणि किती मिनिटं ते लिहून. हे ‘लिहून’ कुणी करत नाही.

कोटिंग खरवडायचं कारण तुला एक्सआरडीवर, म्हणजे एक्स-रेनं क्रिस्टल ओळखणाऱ्या मशिनवर, कळेल. पांढऱ्या कोटिंगमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि त्याची अनाटेज जातीची पीक २५.३ अंशांवर भाला रोवल्यासारखी उभी राहते. शेजारी तुझ्या औषधाची पीक असली तर झाकून जाते. लॅक्टोज मोनोहायड्रेट तर २० अंशांच्या आसपास हमखास बसलेलं. म्हणून प्लासिबो चालवल्याशिवाय सॅम्पलचा आलेख बघायचाच नाही, अशी सवय लाव. औषध सोडून बाकी सगळं घातलेली गोळी मागून घे. प्रॉडक्शनवाले कुरकुरतील. चहा पाज, पण प्लासिबो आण.

पण एक्सआरडीच्या आधी मायक्रोस्कोप. लॅबच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक पोलरायझिंग मायक्रोस्कोप असेल, तो पुसून घे. दोन पोलरॉइड आडवे करून काळ्या मैदानात भुकटी पाहिली की क्रिस्टल दिवाळीसारखे चमकतात आणि अमॉर्फस कण काळोखात बुडतात. परवा तुला फडताळातल्या साखरलेल्या मधाचा थेंब दाखवला ना, त्यातलं ग्लुकोज कसं सुयांसारखं लखलखत होतं. एक्सआरडीला शंभरात एखादा-दुसरा टक्का क्रिस्टल दिसायला मारामार. मायक्रोस्कोपखाली एक चमकता कण पुरतो. आकडा मिळत नाही, पण कुठं शोधायचं ते कळतं. फक्त एक जपायचं, न चमकलेलं सगळंच अमॉर्फस नसतं. स्वयंपाकघरातलं मीठ टाकून बघ. पक्का क्रिस्टल, चौकोनी ठोकळे, आणि चमक नाही. घनाकृती जातीचे क्रिस्टल असेच मुके असतात. हा प्रश्न मी इंटरव्ह्यूला कितीतरी पोरांना विचारला.

एक्सआरडीच्या सॅम्पल होल्डरमध्ये पावडर भरणं ही कला आहे आणि ती हातानंच येते. सुईसारखे किंवा पापुद्र्यासारखे क्रिस्टल काचेनं वरून दाबलेस तर सगळे आडवे झोपतात. मग एकाच बाजूची पीक आभाळाला भिडते आणि बाकीच्या गायब. कडब्याची पेंढी उभी ठेव किंवा आडवी टाक, समोरून दिसतं ते वेगळंच ना, तसं. म्हणून मागच्या बाजूनं भर, सॅम्पल फिरतं ठेव, कण बारीक आणि सारखे ठेव (हलक्या हातानं, आता परत सांगत नाही). आणि उंची नको मोजूस, पीकखालचं क्षेत्रफळ मोज. एकच सॅम्पल एकदा भरून पाच वेळा चालवलंस तर पाच आकडे शहाण्यासारखे एकसारखे येतील, आणि तुला वाटेल मशीन अचूक आहे. मशीन आहेच. सॅम्पल ओतून काढ, परत भर, परत चालव. समज, आता ४.१, ६.८ आणि ५.२ आले. हा खरा पसारा. याची सरासरी ५.३७ लिहिणारा माणूस दशांशाच्या जागा मोजतो, क्रिस्टल मोजत नाही.

कॅलिब्रेशनचं मिश्रणही असंच. समज तुला ९५ भाग अमॉर्फसमध्ये ५ भाग क्रिस्टल घालायचंय, एकूण १ ग्रॅम. ५० मिलिग्रॅम क्रिस्टल ९५० मध्ये एकदम टाकून ढवळलंस तर ते कुठं गेलं, देवाला माहीत. ५० मध्ये ५० मिसळ, त्या १०० मध्ये १००, मग २०० मध्ये २००, असं दुप्पट करत जा. तुझी आई उंड्याला कणिक लावते तसं नाही, तर हळदीचं कुंकू करताना बायका लिंबाचा रस थोडा थोडा मुरवतात तसं. आणि दोन्ही पावडरी आधी एकाच चाळणीतून गेलेल्या पाहिजेत, नाहीतर जाड दाणे हलवताना वर येतात.

मोठ्या लॉटमधून नमुना काढताना आडतीवर जा. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यात लोखंडी नळी खुपसून हमाल दाणे काढतो ना, वरच्या मुठीवर भाव करत नाही. आपल्याकडं तसल्याच नळीला सॅम्पलिंग थीफ म्हणतात. चोर! नाव मला फार आवडतं. ड्रमच्या वर, मध्ये, तळाशी, आणि भिंतीला लागून, चारी ठिकाणांहून चोरी कर. ओलावा भिंतीकडून येतो, क्रिस्टल पहिल्यांदा तिथंच सापडतो.

डीएससीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिथंच नवी पोरं फसतात. तीन-चार मिलिग्रॅम भुकटी ॲल्युमिनियमच्या इवल्या तव्यात घालून तापवायची, वितळताना किती उष्णता लागली ते मोजायचं. क्रिस्टल असेल तरच वितळतो. सकाळी आधी इंडियम लाव. ते १५६.६ अंशांना वितळलं पाहिजे आणि ग्रॅमला साधारण २८.५ ज्यूल दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर त्या दिवशी दुसरं काही लावायचं नाही. मग हिशेब. शुद्ध क्रिस्टल औषधाला ग्रॅममागं १०० ज्यूल लागतात असं धर. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत औषध १०० मिलिग्रॅम, म्हणजे पाचवा हिस्सा. गोळीची भुकटी १८ ज्यूल दाखवते. घाईत माणूस लिहितो, १८ टक्के क्रिस्टल. पण सगळं औषध क्रिस्टल असतं तरी २०च ज्यूल आले असते. उत्तर ९० टक्के. हा गुणाकार विसरून लिहिलेले, सहीसाठी आलेले रिपोर्ट मी परत पाठवलेत, एकदा नाही.

याहून वाईट फसवणूक पॉलिमरची. पोलोक्झामर किंवा पीईजी घालून औषधाचं सॉलिड डिस्पर्शन करतात. डीएससीत पन्नास-साठ अंशांना ते पॉलिमर वितळतं, आणि वितळलेल्या पॉलिमरमध्ये औषध तूप-भातासारखं मुरून जातं. औषधाची स्वतःची वितळण्याची पीक येतच नाही. विद्यार्थी आनंदानं लिहितो, “औषध पूर्ण अमॉर्फस झाले.” किती तरी प्रबंधांत हे वाक्य मी वाचलंय. अगं, ते बाटलीत नाही, तुझ्या तव्यात गेलं! नुसतं पॉलिमर आणि नुसतं क्रिस्टल औषध कोरडंच मिसळून लावून बघ. तिथंही पीक गायब झाली तर डीएससीचं या सॅम्पलबद्दल मत विचारू नकोस, एक्सआरडीला विचार, रामनला विचार. तसंच मॅनिटॉल आणि पॅरासिटामॉल. एक १६६ ला वितळतं, दुसरं १६९-१७० ला. एकाच पातेल्यात दोन भावांची भांडणं, कुणाचा आवाज कुणाला कळणार. आणि कार्बामाझेपिन सावकाश तापवलंस तर १७५ च्या आसपास वितळून परत दुसऱ्या रूपात जमतं आणि १९० च्या पुढं पुन्हा वितळतं. दोन पीक दिसल्या म्हणून बाटलीत दोन रूपं आहेत असं नाही. दुसरं तू तापवून बनवलंस. म्हटलं ना, परत खलच, फक्त हा तापता खल.

रिपोर्टमध्ये ‘क्रिस्टल नाही’ असं कधी लिहू नकोस. ‘आढळला नाही, शोधमर्यादा २ टक्के’ असं लिही, आणि ते २ तुझ्या कॅलिब्रेशनच्या रेषेतून काढलेले असू देत. पसारा भागिले उतार, गुणिले ३.३. आकडा खात्रीनं सांगायचा तर गुणिले १०. एवढं तुला येतं.

हवेचं मात्र पुस्तकात नाही. मे महिन्यात आपल्याकडं पापड दोन तासांत वाळतो, आणि श्रावणात मीठ बरणीतच पाझरतं. लॅबला एसी असला तरी पावडर वजन करताना उघडी राहते ती मिनिटं त्या महिन्याची असतात. अमॉर्फस लॅक्टोज अर्ध्याच्या वर आर्द्रता गेली की क्रिस्टल व्हायला लागतं. म्हणून वहीत तारखेबरोबर खोलीची आर्द्रता लिही. आपल्या देशासाठी दीर्घ मुदतीची स्टॅबिलिटी ३० अंश आणि ७० टक्क्यांवर ठेवतात, घाईची ४० अंश आणि ७५ वर, सहा महिने. चेंबर भरलेलं असतं, नवीन माणसाला जागा मिळत नाही. तेव्हा एका डेसिकेटरच्या तळाशी शुद्ध मिठाचा ओला लगदा ठेव. २५ अंशांना वरची हवा ७५ टक्क्यांवर आपोआप राहते. त्यात उघड्या काचपात्रात थोडी पावडर ठेवून दर आठवड्याला मायक्रोस्कोपखाली बघ. नियमाच्या कागदात हे चालणार नाही, पण कुठला लॉट पुढं त्रास देणार ते तुला आधी कळेल.

आणि सगळंच मोजत बसायचं नाही. औषध पाण्यात भरपूर विरघळणारं असेल, कुठलंही रूप घेतलं तरी रक्तात सारखंच जाणारं असेल, तर क्रिस्टलचा उद्योग कशाला? आयसीएचच्या क्यू६ए या मार्गदर्शिकेत त्याचा फाट्याफाट्यांचा नकाशा दिलाय, १९९९ पासून. कधी कधी डिसोल्यूशनवर नजर ठेवली तरी पुरतं. तुझ्या साहेबांना हे तूच आधी विचार, मशीन बुक करायच्या आधी.

हां, त्या बॉलमिलच्या दिवशीच्या वहीचं राहिलं. रिजेक्टचा आकडा मी वहीत पेनानं लिहून बसलो होतो. आमचे साहेब म्हणाले, “पान फाडायचं नाही, खोडून काळं करायचं नाही.” एक सरळ रेघ मारायला लावली, आकडा खालून वाचता येईल अशी. बाजूला खरं कारण, सही, तारीख. मी कारण लिहिलं, ‘नमुना मिलमध्ये दोन तासांहून जास्त दळला.’ त्यांनी वाचलं आणि ‘जास्त’ शब्दाखाली बोट ठेवलं. “नेमका किती?” मला आठवेना. मिलवर घड्याळ नव्हतं, आणि मी जेवायला गेलेला. ती जागा त्या पानावर शेवटपर्यंत रिकामी राहिली.

तुझ्या पिशवीत वरच्या कप्प्यात एक छोटं टायमर टाकलंय. सेल नवे आहेत. आता झोप, चारला उठायचंय.